२,०४,६०० रुपये, एक बोरमाळ आणि ‘पूर्वजांचा शाप’

देवाचा निरोप आणतो म्हणणाऱ्या एका ‘संदेष्ट्या’ने प्रार्थनेच्या नावाखाली आमच्या घरातून काय काय नेले, त्याचे आधी आकडे सांगते, म्हणजे पुढचे वाचताना कुणाला ‘गेले असतील थोडेफार’ असे वाटायला नको. अभिषेकाच्या तेलाच्या तीन बाटल्या, १,५०० रुपये. साखळी उपास-प्रार्थनेत नाव घालण्याचे २,१००. दुष्ट आत्म्यांपासून घराची ‘सुटका’ करायला माणसे आली त्याचे १५,०००. मुलगा आणि सून यांचे सुटका शिबिर, आणखी १५,०००. ‘विश्वासाचे बीज’ म्हणून दान, ५१,०००. आणि शेवटी ‘वेदी बांधायची आहे’ म्हणून मुदत ठेव मोडून दिलेले १,२०,०००. झाले २,०४,६०० रुपये. वर सासूबाईंची पावणेदोन तोळ्यांची बोरमाळ. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, बेरीज तपासायची तसदी घेऊ नका.

त्या माणसाचे नाव लिहीत नाही, वकिलाने तसे बजावले आहे. तो स्वतःला संदेष्टा म्हणवतो, भर उन्हाळ्यात कोट घालतो, बोलताना मागे कीबोर्ड वाजत राहतो. बाकीचे तुम्हांला माहीत आहे. मलाही माहीत होते. दुसऱ्याच्या घरी हे झाले असते तर नावे ठेवण्यात मी पुढे असते.

पण आमच्या घरात तेव्हा काय चालले होते तेही ऐका. सुनेला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळे संपले. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली होती. मुलगा रात्री गच्चीवर एकटाच जाऊन बसायचा. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक रविवारी दारात हात हातात घेऊन ‘प्रभूची इच्छा’ म्हणाले, घरी मात्र त्यांचे पाऊल लागले नाही. अशा वेळी मंडळीतल्याच एका एल्डरच्या, म्हणजे चर्चच्या कारभारी माणसाच्या, बायकोने मोबाइलवर फॉर्म पाठवला: मोफत प्रार्थना विनंती. आम्ही प्रार्थना मागायला गेलो होतो, अंगारा मागायला नाही. आणि आत्म्याच्या कामाला हसणाऱ्यांतलीही मी नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, गोष्टी आजीच्या तोंडून ऐकत मी वाढले. पंडिता रमाबाईंकडच्या मुली पापाच्या जाणिवेने कशा ढसाढसा रडल्या, ते ती सांगायची. त्यामुळे सभेत कुणी रडले, थरथरले, तर मला त्यात वावगे वाटत नाही.

फॉर्म मुलाने भरला. घरातल्या सगळ्यांची नावे, जन्मतारखा, दुखणी, कोण कधी वारले, आणि शेवटचा प्रश्न असा: ख्रिस्ती होण्यापूर्वी घराण्यात कुणी पोतराज, आराधी, भगत, देवऋषी होते का? मी तो फॉर्म तेव्हा पाहिलासुद्धा नव्हता. म्हणून सभेत त्या संदेष्ट्याने डोळे मिटून माझ्याकडे बोट केले आणि ‘आई, प्रभू मला मरीआईचा गाडा दाखवतोय, आसूड दाखवतोय’ म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तो म्हणाला, ‘१९९८ साली या घरातून एक आई गेली. जाताना ती शाप मागे ठेवून गेली.’

माझ्या सासूबाई १९८९ ला गेल्या.

मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याने फॉर्ममध्ये ऐकीव वर्ष टाकले, तेही उलटे: १९९८. आणि मुलाची ती चूक ‘दर्शनात’ जशीच्या तशी उतरली! ‘९८ नाही हो, ८९’ हे शब्द माझ्या ओठावर आले होते. ह्यांनी कोपराने ढोसले, म्हणाले, ‘गप गं, उलटा आकडा ऐकू आला असेल.’ कुणाला उलटा ऐकू आला असेल? देवाला? नोकरीभर मी पोरांचे अंक उलटसुलट झाले म्हणून मार्क कापले, आणि जिथे कापायचे होते तिथे पदराने डोळे पुसत बसले. फॉर्म परत उघडून बघायला दोन मिनिटे लागली असती. कीबोर्ड वाजत होता, आजूबाजूच्या बायका रडत होत्या, सून माझा हात घट्ट धरून होती. तिथे उभे राहून ‘थांबा, साल चुकलंय’ म्हणणारी बाई कुणाला भेटली असेल तर मला सांगा.

आणि समजा, साल बरोबर असते तरी काय? बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातली ती मुलगी आहे. तिच्यात दैवप्रश्न सांगणारा आत्मा होता आणि तिच्या धन्यांना तिच्यामुळे पुष्कळ पैसा मिळायचा. ती प्रेषित पौलाच्या मागे ओरडत फिरली की ही माणसे परात्पर देवाचे दास आहेत. शब्दन् शब्द खरा. तरी पौलाने त्या आत्म्याला हाकलले, आणि कमाई बुडाली म्हणून धन्यांनी पौलालाच अधिकाऱ्यांपुढे खेचले. म्हणजे खरे सांगतो म्हणून तो देवाचा, हे गणितच चुकीचे. गल्ला कुणाचा भरतोय ते आधी बघायचे. हा अध्याय मी शब्बाथ शाळेत शिकवला आहे, काय उपयोग?

पैशांपेक्षा मला जास्त लागले ते दुसरेच. ह्यांचे पणजोबा खरोखर पोतराज होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आसूड नदीत फेकला, असे घरात सांगतात. भावकीने वाळीत टाकले तरी ते मागे फिरले नाहीत. आमच्या घरातली ही सर्वांत मोठी साक्ष. नाताळात सगळे जमले की मुलांना हीच गोष्ट सांगायची. त्या माणसाने तिचा शाप करून टाकला. ज्या म्हाताऱ्याने आमच्यासाठी सगळे सोडले त्याच्याच नावाने आम्ही गुडघे टेकून ‘तोडतो, तोडतो’ म्हणून ओरडलो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले ही म्हण पुन्हा काढायची नाही, असे यहेज्केलाच्या पुस्तकात अठराव्या अध्यायात देव बजावतो. ख्रिस्त आपल्याबद्दल शाप झाला, असे गलतीकरांस पत्रात आहे. मग उरलेला शाप १५,००० रुपयांत कोण काढतोय? तुमच्या आजोबा-पणजोबांबद्दल असे कुणी बोलला तर तिथल्या तिथे चपला घाला आणि निघा.

बोरमाळ याच वाटेने गेली. ‘ती जोगव्याच्या पैशांतली आहे,’ तो म्हणाला, आणि बायबलातल्या, लुटीतले निषिद्ध सोने लपवणाऱ्या आखानावर तासभर उपदेश केला. आखानाचे सोने सगळ्या इस्राएलासमोर अखोराच्या खोऱ्यात नेऊन जाळले, वर दगडांची रास केली. आमची बोरमाळ ‘नाश करण्यासाठी’ एका बाईने चेनच्या पाकिटात घातली. कुठे नाश केला, कधी केला, कुणासमोर केला, विचारले तर ‘सिस्टर, शंका ही शत्रूची.’ हे वाक्य ऐकलेत की समजा, पुढचा आकडा येतोय.

त्याने गोळीही बंद करायला लावली. सरळ नाही सांगितले, तेवढा तो हुशार आहे. ‘एक पाय विश्वासात आणि एक पाय दवाखान्यात ठेवून चालता येत नाही,’ एवढेच. सुनेने गोळी सोडली. नंतरच्या रिपोर्टात थायरॉइडचा टीएसएच इतका वाढला होता की डॉक्टरीणबाई आमच्यावर ओरडल्या, आणि त्या ओरडल्या हे बरे झाले, त्यामुळेच मुलगा भानावर आला. औषध सोडायला लावणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचेच नाही. इथे विचार करायला काही नाही.

आता तक्रारीचे ऐका. पोलीस ठाण्यात आधी, ‘तुम्ही राजीखुशीने दान दिलंत, त्यात गुन्हा कसला?’ मी म्हटले, खोटे सांगून पैसे घेतले, ही फसवणूकच ना? तर म्हणाले, ‘धार्मिक बाब आहे, नाजूक असते.’ मी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत काढून नेली. डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर जो कायदा झाला, तो. चमत्काराचा दावा करून पैसे लुबाडणे त्याच्या अनुसूचीत आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. प्रार्थनेला सूट आहे, पण इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल तरच. साहेबांनी प्रत उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘हा भोंदूबाबांसाठी आहे मॅडम. तुमच्यात कुठे मंत्रतंत्र असतात?’ कोट घातला की बाबा भोंदू राहत नाही वाटते! मग हळूच, ‘धर्मांतराची तक्रार देता का? ती लगेच घेतो.’ मी म्हटले, साहेब, आमचे धर्मांतर माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी करून ठेवले आहे, मला माझे पैसे पाहिजेत. त्या तक्रारीवर सही केली असती तर दुसऱ्या दिवशी कोण कोण दारात उभे राहिले असते आणि गावातल्या गरीब, प्रामाणिक पास्टरांचे काय झाले असते, हे मला कळते. माझी चोरी झाली म्हणून मी शेजाऱ्याचे घर जाळायला देणार नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. पिन तुम्हीच टाकला ना, मग ठाण्यात जा, असे उत्तर मिळाले. म्हणजे जिथून आले तिथेच. बँकेनेही तेच सांगितले. ५१,००० मुलाच्या मोबाइलवरून गेले होते आणि घेणाऱ्याचे नाव त्या संदेष्ट्याच्या मिनिस्ट्रीचे, म्हणजे संस्थेचे, नव्हे, त्याच्या मेहुण्याचे होते. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येते, ते वाचत चला. धर्मादाय कार्यालयात पावत्या दाखवल्या, तर कारकुनाने सांगितले की या नावाचा ट्रस्ट नोंदलेलाच नाही, मग आम्ही चौकशी कशाची करणार? म्हणजे नोंदणी केलेल्याने पैसे खाल्ले तर चौकशी, आणि ज्याने नोंदणीच केली नाही तो सुटला! पावतीवर नोंदणी क्रमांक नसेल तर ते छापील कागदाचे चिटोरे आहे, मग वर कितीही मोठा क्रूस असो.

आणि आपले लोक. पाळक म्हणाले, ‘ते आपल्या डायसिसचे, धर्मप्रांताचे नाहीत, आपण काय करणार?’ त्या सभेचे पत्रक आमच्याच चर्चच्या फलकावर महिनाभर होते, ते कुणी लावले? कमिटीतल्या एकाने सांगितले, झाकून ठेवा, बाहेरचे हसतील. वरच्या कार्यालयात पत्र दिले, त्याची पोचसुद्धा नाही. जिने फॉर्म पाठवला त्या बाई आता चर्चमध्ये बाक बदलून बसतात. आणि ज्याला त्याला एकच वचन आठवते: देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका. बरे, दाविदाने अभिषिक्त शौल राजाला हाती सापडूनही मारले नाही, कबूल. पण त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला होता आणि गुहेबाहेर येऊन, तो पुरावा हातात धरून, सगळ्या सैन्यादेखत शौलाला जाब विचारला होता. तेवढाच भाग उपदेशात कसा गळतो?

आत्म्यांची परीक्षा करा, असे योहान लिहितो. परीक्षा करा म्हणजे प्रश्न विचारा, साल विचारा, पावती विचारा, घरी येऊन शांतपणे वचन उघडून बघा. जो प्रश्नाने चिडतो, त्याच्या तेलाने दारही पुसू नका. एकट्याला बाजूला घेऊन, ‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणून सांगितलेली भविष्यवाणी त्याच दिवशी जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, निम्मी तिथेच विरते. आणि संदेष्टा अलीशाने फुकट बऱ्या केलेल्या नामानाकडून, अलीशाच्या नकळत, दोन किक्कार (जुने वजन) रुपे उकळणारा त्याचा चाकर गेहजी पाळकांनी वर्षातून एकदा तरी उपदेशाला घ्यावा, नेहमी दशमांशच कशाला?

पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे आणि शिक्का मारलेली पोच घेतली आहे. वकील म्हणतात, एकटीच्या अर्जाकडे कुणी बघत नाही, चार-पाच जण तरी हवेत. आमच्या शिबिरात हॉल भरलेला होता. माझ्या पावत्यांच्या मागचे-पुढचे क्रमांक कुणाच्या तरी कपाटात आहेत. लाजेखातर त्या फाडू नका, आणि मोबाइलमधला तो फॉर्म पुसू नका.