सीएसएमटीला उतरल्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिस फोर्टात हललं आणि डोंबिवली–सीएसएमटी (मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) हा रोजचा रस्ता झाला. दिवाळीपासून आजपर्यंत स्टेशनबाहेरची बस, शेअर टॅक्सी, नवी मेट्रो आणि स्वतःचे पाय, सगळं वापरून झालंय. त्यावरून एकच सांगते: इथे कशाने जायचं ते नंतर ठरवा, कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते आधी ठरवा.

लोकल १ ते ७ नंबरवर लागतात, मेल-एक्स्प्रेस ८ ते १८ वर. टर्मिनस असल्यामुळे सगळे प्लॅटफॉर्म टोकाला एकाच पातळीवर येऊन मिळतात. लोकलमधून उतरून हॉलपर्यंत एकही जिना नाही. दादरच्या पुलावर रोज चेंगरणाऱ्याला याची किंमत लगेच कळेल. महापालिका, आझाद मैदान किंवा क्रॉफर्ड मार्केट गाठायचं असेल तर लोकलच्या बाजूने सबवेत उतरा. जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय) आणि बॅलार्ड इस्टेटसाठी मेलगाड्यांच्या हॉलमधून निघा, सबवेची गरजच पडत नाही. बॅगा घेऊन गावाला निघालेल्यांनी टॅक्सी पी. डिमेलो रोडला, १८ नंबरच्या बाजूला न्यावी.

सबवे हीच या स्टेशनची खरी परीक्षा. सकाळी साडेनऊला तिथे माणूस चालत नाही, वाहत जातो. दोन्हीकडे दुकानं, आणि बाहेर पडायची तोंडं सगळी सारखीच दिसतात. गर्दीमागे जाऊ नका, कडेला थांबून पाटी वाचा.

बाहेरगावच्या पाहुण्यांना आधीच बजावून ठेवा की या भागात रिक्षा नाही. काळी-पिवळी टॅक्सी ३१ रुपयांपासून सुरू होते, पण जवळचं भाडं म्हटलं की बरेच जण मान हलवून पुढे जातात. सकाळी नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीची रांग मात्र भराभर सरकते. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालंय. तरीही मंत्रालयाच्या बाजूला जायला मला बसच परवडते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि लांबच्या प्रवासाचं चित्रच पालटलं. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचं म्हणजे पूर्वी कुर्ल्याला उतरून बससाठी ताटकळणं आलं. आता इथूनच बसते. सिद्धिविनायकही तसंच सोपं झालं. पण हुतात्मा चौकासारख्या जवळच्या ठिकाणी मेट्रोने जाण्यात मला अर्थ वाटत नाही. खाली उतरून पुन्हा वर येईपर्यंत चालणारा तिथे पोचलेला असतो.

आणि चालायला हा भाग फार सुरेख आहे. दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून भर दुपारीही सावलीतून जाता येतं. वाटेत फेरीवाले आहेत, त्यामुळे घाईत असाल तर वैतागाल. घाई नसेल तर मान वर करून चाला, प्रत्येक इमारतीचं दगडकाम वेगळं आहे.

दगडकामाची सुरुवात स्टेशनापासूनच करा. १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावर ही इमारत उभी राहिली, २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, एक आपला. पण मी थांबते ती खांबांच्या माथ्यांपाशी. तिथे पानांच्या गुंत्यात पक्षी आणि प्राणी दडलेत; जवळ उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत. हे नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. ते जे. जे. इथून क्रॉफर्ड मार्केटच्या वाटेवरच आहे, म्हणून पुढचा टप्पा तोच ठेवा. १८६९ च्या मंडईच्या दर्शनी भागावर राबणाऱ्या शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. आज ती महात्मा फुले मंडई आहे, आणि हे नाव त्या शिल्पांना शोभतं.

भूक लागली तर स्टेशनसमोरच्या ‘आराम’ या उपाहारगृहात थालीपीठ आणि पीयूष. पोट भरायचं असेल तर बझारगेटला पंचम पुरीवाला. टेबलं लहान, पुऱ्या कढईतून थेट ताटात.

रविवारी येणार असाल तर मेगाब्लॉक बघूनच निघा. त्या दिवशी फोर्टातली बहुतेक दुकानं बंद असतात, पण रस्ते मोकळे असल्यामुळे इमारती निवांत बघता येतात. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला मी रविवारीच आणते. सबवे टाळून मेलच्या हॉलमधून जीपीओपाशी जायचं, विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला तिथला घुमट बघायचा आणि तिथूनच टॅक्सी करून हॉर्निमन सर्कलच्या बागेत. आमच्या आईला हा बेत झेपतो.