इंग्रजी विकिपीडियाची शैलीपुस्तिका, सात महिन्यांच्या वापरानंतर

माहितीपर इंग्रजी लिहायला शिकायचं म्हटलं की आपला हात आधी व्याकरणाच्या पुस्तकाकडे जातो. इथे ते पुस्तक मुद्दाम कपाटात ठेवून फक्त दोन गोष्टी वापरल्या: इंग्रजी विकिपीडियाची शैलीपुस्तिका, म्हणजे 'मॅन्युअल ऑफ स्टाइल', आणि प्रत्येक खात्यासोबत मिळणारी 'सँडबॉक्स', म्हणजे सरावाचं पान, जिला मराठी विकिपीडियावर धूळपाटी असं नेमकं नाव आहे. दोन्ही फुकट. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

हे कुणासाठी? गावाची, किल्ल्याची, संस्थेची किंवा यंत्राची माहिती इंग्रजीत लिहावी लागते त्यांच्यासाठी: संग्रहालयाचे फलक, संकेतस्थळावरचं 'आमच्याविषयी' हे पान, महाविद्यालयातले प्रकल्प. ज्यांची वाक्यं व्याकरणात बसतात, पण वाचल्यावर हाती काहीच लागत नाही, त्यांना सगळ्यात जास्त फायदा. इंग्रजी नुकतंच शिकायला लागलेल्यांनी आधी 'सिंपल इंग्लिश' विकिपीडियाकडे जावं. तिथे सोपे शब्द आणि छोटी वाक्यं अपेक्षित असतात, आणि चार्ल्स के ऑग्डेन यांनी १९३० साली मांडलेल्या ८५० शब्दांच्या 'बेसिक इंग्लिश'चा आधार घ्यायला सांगतात.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. ती अवाढव्य आहे, आणि आडव्या रेघांच्या (हायफन, डॅश) लांबीवरचा मजकूर वाचता वाचता माणूस दमतो. चार पानं पुरेत: लेखाच्या प्रस्तावनेचं, जपून वापरायचे शब्द ('वर्ड्स टू वॉच') सांगणारं, तारखा-आकड्यांचं, आणि पुस्तिकेबाहेरचं, तीन मूळ धोरणांचं. ती तीन धोरणं म्हणजे तटस्थता, पडताळता येणं आणि स्वतःचं नवं संशोधन न घुसवणं. खातं उघडल्यावर थेट नवा लेख प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी खातं किमान चार दिवस जुनं हवं आणि दहा संपादनं झालेली हवीत. सरावाला त्याची गरजही नाही, धूळपाटी पहिल्या मिनिटापासून चालते. फक्त 'ड्राफ्ट' विभागात मसुदा टाकून विसरू नका. सहा महिने कुणी हात लावला नाही तर तो हटवला जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. या पुस्तिकेची खरी किंमत 'वर्ड्स टू वॉच' या एका पानात आहे. मोरासारखा पिसारा फुलवणारे शब्द ('पीकॉक'), अंग चोरणारे शब्द ('वीझल') आणि लेखकाचं मत चोरून आत आणणारे शब्द अशा वर्गवारीने ते पान चालतं, आणि मराठीतून इंग्रजीत येणाऱ्या माणसाच्या सगळ्या सवयी तिथे एकेक करून सापडतात. लोणारवरच्या मजकुराचं नेहमीचं रूप असं असतं: 'लोणार इज अ वर्ल्ड-फेमस लेक नेसल्ड इन द लॅप ऑफ नेचर. इट इज सेड दॅट इट वॉज फॉर्म्ड थाउजंड्स ऑफ इयर्स बॅक. रिसेंटली इट्स कलर बिकेम पिंक अँड एव्हरीबडी वॉज शॉक्ड.' व्याकरणाची फारशी चूक नाही, आणि माहितीही नाही. 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' हे मराठी पर्यटनलेखातून उचललेलं, 'इट इज सेड' म्हणजे आपलं 'असं म्हणतात', आणि 'रिसेंटली' म्हणजे कधी, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

नियम लावल्यावर उरतं ते असं: 'लोणार लेक इज अ सलाइन, अल्कलाइन लेक इन अ मीटिओराइट इम्पॅक्ट क्रेटर इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र, इंडिया. द क्रेटर, फॉर्म्ड इन बेसाल्ट, इज अबाउट १.८ किलोमीटर्स अक्रॉस. इन जून २०२० द वॉटर टर्न्ड पिंक.' पहिल्या वाक्यातच वस्तू काय, कुठे, कशी, हे तिन्ही आलं. 'लोणार रेफर्स टू अ लेक' असं लिहू नये हाही नियम आहे: लेख शब्दाविषयी नसतो, तळ्याविषयी असतो, म्हणून सरळ 'इज'. आपल्याकडे 'रेफर्स टू' फार विद्वान वाटतं, त्यामुळे ही सवय मोडायला वेळ लागतो.

'इट इज सेड' काढून टाकणं हा अर्धाच उपाय. कोण म्हणतं ते लिहावं लागतं, आणि इथे लोणारसारखा दुसरा चांगला धडा नाही. विवराचं वय एका पद्धतीने, थर्मोल्युमिनेसन्सने, सुमारे ५२,००० वर्षं येतं (६,००० इकडेतिकडे). आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ५,७०,००० (४७,००० इकडेतिकडे). फरक दहापटीहून जास्त. नवखा लेखक यातला एक आकडा निवडतो किंवा 'थाउजंड्स ऑफ इयर्स' म्हणून सुटका करून घेतो. पुस्तिकेच्या शिस्तीने दोन्ही आकडे, दोन्ही पद्धतींच्या नावासह आणि त्रुटीच्या मर्यादेसह, शेजारी शेजारी मांडायचे. कोणता खरा हे आपण ठरवायचं नाही. तळ्याशी जोडलेली लवणासुर राक्षसाची कथाही बाद होत नाही. ती वेगळ्या परिच्छेदात, 'अकॉर्डिंग टू' लावून, कथा म्हणूनच येते. भूशास्त्राच्या वाक्याला ती चिकटवली की दोन्हींची माती होते.

तिसरं धोरण, नवं संशोधन नको, वरवर सोपं दिसतं आणि सगळ्यात जास्त घसरवतं. एका बातमीत उन्हाळ्यात पाण्याची पातळी घटल्याचं आहे, दुसरीकडे पाणी गुलाबी झाल्याचं. मध्ये 'बिकॉज' टाकला की झालं तुमचं स्वतःचं संशोधन. दोन खऱ्या वाक्यांमधून तिसरं न तपासलेलं वाक्य जन्मतं, आणि कारणवाचक शब्द हाच त्याचा सुईण असतो. कारण लिहायचं तर ज्यांनी नमुने तपासले त्यांचंच: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अहवालात मिठात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं आहे. धूळपाटीवर मजकूर तपासताना 'बिकॉज', 'देअरफोर', 'ड्यू टू' आणि 'लेड टू' एवढे चार शब्द शोधा आणि प्रत्येकाशेजारी स्रोत आहे का बघा. नसेल तर तिथे 'सायटेशन नीडेड'ची खूण टाका, ज्याला मराठी विकिपीडिया 'संदर्भ हवा' म्हणतो, आणि पुढे जा.

काळाचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. 'रिसेंटली', 'करंटली', 'नाउअडेज', 'इन रिसेंट टाइम्स' बाद. त्याऐवजी 'सिन्स २०२०' किंवा 'ॲज ऑफ २०२०'. ऋतूंवरून काळ सांगू नये असंही म्हटलंय, कारण आपला उन्हाळा तो ऑस्ट्रेलियाचा हिवाळा. भारतीय विषयाला तारीख '२ जून २०२०' अशी. 'सेकंड' किंवा 'टू' ला 'एनडी' चिकटवायचं नाही. एक ते नऊ अक्षरांत, पुढचे आकडे सहसा अंकांत, पण एकाच वाक्यात तुलना असेल तर सगळे एकाच रूपात. लाख-कोटी वापरायचेच झाले तर पहिल्यांदा येताना मिलियनमध्ये रूपांतर द्यावं लागतं आणि स्वल्पविराम हजारांच्या गटाने पडतो. म्हणजे आपले ५,७०,००० तिथे ५७०,००० होतात. मराठी डोळ्याला हे कायम खटकतं आणि याच जागी आकडे चुकतात. टंकलेखन झाल्यावर शून्यं बोट ठेवून मोजणं हाच उपाय.

माणसांबद्दलचे नियम आपल्या संस्काराच्या आड येतात. 'श्री', 'जी', 'साहेब', 'डॉ.' काही नाही. पहिल्या उल्लेखानंतर फक्त आडनाव. तिथल्या लेखाचं शीर्षकसुद्धा 'बी. आर. आंबेडकर' आहे. मराठीत हे उद्धट वाटेल, इंग्रजी माहितीलेखनात हीच रीत. तसंच 'एक्स्पायर्ड', 'पास्ड अवे', 'लेफ्ट फॉर हेवनली अबोड' यांच्या जागी 'डाइड'. बातम्यांतल्या 'नमूद केलं', 'स्पष्ट केलं', 'दावा केला' यांची भाषांतरं तर फारच घातक. 'क्लेम्ड' लिहिलं की बोलणारा खोटं बोलत असल्याचा वास येतो, 'रिव्हील्ड' लिहिलं की तो खरंच बोलतोय असं तुम्ही मान्य केलेलं असतं. बहुतेक ठिकाणी साधं 'सेड' पुरतं.

कामाचा क्रम पुस्तिका सांगत नाही, तो वापरातून ठरतो. ३०० शब्दांच्या मजकुरासाठी आधी १२ ते १५ सुट्या ओळी लिहा, एका ओळीत एकच तथ्य, समोर स्रोत आणि पुस्तक असेल तर पान. मग त्यांचे ढीग करा: स्थान, निर्मिती, पाणी, जीवसृष्टी, मंदिरं, संरक्षण. 'रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) इन २०२०' ही ओळ शेवटच्या ढिगात. मुख्य मजकूर लिहून झाल्यावरच प्रस्तावना, कारण ती मजकुराचा सारांश असते आणि मजकुरात नसलेलं काहीही तिच्यात येऊ नये. सहसा ती चार परिच्छेदांपलीकडे जाऊ देत नाहीत. ३०० शब्दांना दोन वाक्यं बास. स्रोतातलं वाक्य समोर ठेवून लिहू नका. चार शब्द बदललेलं वाक्य तिथे नक्कलच मानतात, आणि ते बरोबरच आहे. सुटी ओळ करताना स्रोत मिटवून ठेवला की वाक्याची घडण आपोआप आपली होते.

आता कापलेला तारा. पुस्तिका काय गाळायचं ते उत्तम सांगते, उरलेलं कसं सांधायचं ते जवळजवळ सांगत नाही. विशेषणं गेल्यावर मजकूर मेलेल्या माशांच्या रांगेसारखा दिसतो: प्रत्येक वाक्य 'इट इज', 'इट हॅज', 'इट वॉज'ने सुरू. इलाज असा की मागच्या वाक्याच्या शेवटी आलेली गोष्ट पुढच्या वाक्याच्या तोंडाशी आणायची: '...इन अ मीटिओराइट इम्पॅक्ट क्रेटर. द क्रेटर...' इथे 'अ' चा 'द' झाला, आणि उपपदांचा अर्धा गोंधळ याच चालीने मिटतो: पहिल्यांदा भेटलेल्याला 'अ', ओळख झाल्यावर 'द'. पण तळ्याच्या नावाला 'द' नाही आणि नदीच्या नावाला आहे, 'द गोदावरी', हे कुठल्याही तर्काने कळत नाही. पाठच करावं लागतं.

मराठीच्या खास चुकांवर पुस्तिका गप्पच आहे, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी बसतो: 'इन २०२० ओन्ली'. तो सरळ उडवा. 'आहे'चं 'इज हॅविंग' होतं. बरोबर रूप 'द लेक हॅज'. 'असल्यामुळे'चं 'बीइंग' होतं आणि कर्ता हरवतो: 'बीइंग अ सॉल्ट लेक, सायंटिस्ट्स व्हिजिट इट' यात शास्त्रज्ञच खारट ठरतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने आपण सगळा भार आधी रचतो आणि इंग्रजीत कर्ता वीस शब्दांचा होतो. क्रियापद पहिल्या आठ शब्दांत आणायचं असा घरगुती नियम ठेवला तर बरंच हलकं होतं.

व्याकरण तपासणारी साधनं सोबत वापरा, पण कर्मणी प्रयोगाखाली ओढलेल्या रेघेला भिऊ नका. 'द क्रेटर वॉज फॉर्म्ड' याला कर्तरीत नेऊन काय मिळणार? माहितीलेखनात कर्ता बिनमहत्त्वाचा किंवा अज्ञात असतो तेव्हा कर्मणीच योग्य. वाचनसुलभतेच्या गुणांचंही तसंच. फ्लेशच्या सूत्रात २०६.८३५ मधून वाक्याच्या सरासरी शब्दसंख्येची १.०१५ पट आणि शब्दातल्या सरासरी उच्चारखंडांची ८४.६ पट वजा करतात. १५ शब्दांची वाक्यं आणि शब्दाला दीड खंड असतील तर जवळपास ६५ गुण येतात. खंड १.७ झाले की गुण ४८ वर कोसळतात. 'महाराष्ट्र', 'बुलढाणा' अशी नावं वारंवार आली की गुण असेच घसरतात, मजकूर मात्र तितकाच सोपा राहतो. म्हणून गुण काढण्याआधी विशेषनामं तात्पुरती एकखंडी शब्दाने बदला, नाहीतर आकड्यापोटी गावाचं नाव गाळायची वेळ येते.

दोन ठिकाणी ही पुस्तिका मुळीच वापरू नये. एक, कृती सांगणाऱ्या मजकुराला: पंप कसा जोडावा, अर्ज कसा भरावा. तिथे 'यू' टाळणं हा मूर्खपणा आहे, आणि विकिपीडिया स्वतःच असा मजकूर घेत नाही. दुसरं, बोर्डाच्या परीक्षेतल्या वृत्तलेखनाला. तिथे लक्ष वेधणारा मथळा अपेक्षित असतो, आणि इथली शीर्षकं पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून लहान लिपीत, प्रश्नचिन्हाशिवाय, सुरुवातीला 'द' न लावता, अगदी सपाट ठेवायची असतात.