मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यासाठीची अ‍ॅप्स: ऑडिओ चांगला, रिमाइंडर त्रासदायक
या अ‍ॅप्समधला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे पोटाने श्वास घेण्याचा ऑडिओ. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सोडताना ओटीपोट आणि मांड्या सैल. लघवीची कळ आली की माणूस नेमका उलट वागतो, खालचे स्नायू आवळून धरतो आणि दुखणं वाढतं. म्हणूनच केगेल व्यायाम (हेच खालचे स्नायू मुद्दाम आवळून सोडण्याचा व्यायाम) करायला लावणारं अ‍ॅप सरळ काढून टाका.

डायरी तीन दिवस पुरे: वेळ, दुखणं दहापैकी किती, त्या क्षणीचा विचार (‘आता हे थांबणारच नाही’ छापाचा). रोज लिहीत बसलं तर लक्ष दुखण्यावरच खिळतं.

दोन लघव्यांमधलं अंतर 15 मिनिटांनी वाढवायचं, तेही दुखणं शांत असतानाच. उसळलेल्या दिवशीही तेच लक्ष्य पुढे करणारे रिमाइंडर बंद ठेवा. ताप किंवा लघवीत रक्त दिसलं, तर अ‍ॅप बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.