टॉवरवर फुल बॉडी हार्नेस आणि डबल लॅनयार्ड: उंचीची भीती असणाऱ्या रिगरचा वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी घेतलेला सेट आहे, फुल बॉडी हार्नेस, दोन हुकवाला लॅनयार्ड (हार्नेस टॉवरला अडकवायचा दोर) आणि त्याला जोडलेला शॉक अ‍ॅब्झॉर्बर (पडल्यावर उलगडून झटका कमी करणारा पट्टा). अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा वापरून झालाय म्हणून आता लिहितोय. काम मोबाईल टॉवरवर रिगरचं, म्हणजे वर चढून अँटेनाची कामं करायचं, कराड-पाटण साइडला, बहुतेक 40 मीटरचे जमिनीवरचे टॉवर. आणि मला उंचीची भीती वाटते. या लाइनमधल्या बऱ्याच पोरांना वाटते पण बोललं तर काम जाईल म्हणून कोणी तोंड उघडत नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ठेकेदाराकडून नुसता कमरेचा पट्टा आणि एक दोरी मिळायची. पट्ट्यावर माणूस पडला तर सगळा झटका कमरेत आणि पोटात बसतो, उलटा होऊन निसटायचीही भीती, आणि मुख्य म्हणजे हुक एकच असला की तो काढून वर लावेपर्यंत तुम्ही कशालाच बांधलेले नसता. माझा जीव नेमका तेवढ्याच वेळात वरखाली व्हायचा. तळव्यांना घाम, पोटऱ्या थरथरायच्या, पकड इतकी घट्ट की वर पोचेपर्यंत बोटं आखडायची आणि मग नट-बोल्ट कसला धरता येतोय. डबल लॅनयार्डमध्ये एक हुक वर अडकवल्याशिवाय दुसरा काढायचाच नाही, म्हणजे मोकळं राहायची वेळच येत नाही. माझे पैसे इथेच वसूल झाले.

पण हार्नेस घातला आणि भीती पळाली असं काही झालं नाही. सुरुवातीला डोक्याला पटत होतं, पायांना पटत नव्हतं. मग आमच्यातल्या एका जुन्या रिगर दादांनी सांगितलं, अरे वर जायच्या आधी खाली लटकून बघ की. गोडाऊनच्या गर्डरला पाठीच्या डी-रिंगवर (हार्नेसची दोर अडकवायची धातूची कडी), जमिनीपासून हातभर वर, दोघं जण शेजारी उभे. पहिल्यांदा मांडीचे पट्टे जांघेत असे रुतले की बोलता येईना आणि छातीचा पट्टा सरकून गळ्याशी आला. खाली उतरून सगळं परत बसवलं, मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा जाईल पण मूठ जाणार नाही इतकं घट्ट, छातीचा पट्टा छातीच्या मधोमध, पाठीची रिंग दोन्ही फऱ्यांच्या मध्ये. परत लटकलो, या वेळी हात पण सोडले. पूर्ण वजन टाकलं आणि त्याने धरलं, हे अंगाला कळायला लागतं, नुसतं सांगून कळत नाही. त्यानंतर मी चढताना दांडा आवळून धरणं हळूहळू कमी झालं. तुम्ही कुठल्याही कंपनीचा घ्या, हे एवढं नक्की करा, पण एकट्याने नाही आणि थोडाच वेळ.

वर गेल्यावर गरगरतं त्याचंही कारण आहे. आपण उभे राहताना तोल सांभाळायला डोळे जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार घेतात, उंचावर जवळ काहीच नसतं त्यामुळे शरीर जास्त डुलतं. म्हणून मी नजर समोरच्या अँगलवर, बोल्टवर ठेवतो. आणि ढग पळत असताना वर बघू नका, टॉवरच कलंडतोय असं वाटतं, त्याने माझी सगळ्यात जास्त वाट लागायची.

आता सेटबद्दल. लेबलवर आयएस 3521 (भारतीय स्टँडर्ड) आणि ईएन 361 (युरोपियन) दोन्ही आहे, अ‍ॅब्झॉर्बरवर ईएन 355. त्या स्टँडर्डप्रमाणे पडल्यावर अंगावर येणारा झटका 6 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण 600 किलोच्या आत राहायला हवा, त्यासाठी आतली शिवण फाटत जाते आणि पट्टा पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकतो. हे लोक विसरतात. 2 मीटरचा लॅनयार्ड, वर हे लांबणं, वर आपली उंची आणि मीटरभर राखीव अंतर, म्हणजे हुक अडकवलाय तिथून खाली सहा मीटरहून जास्त मोकळी जागा पाहिजे, नाहीतर हार्नेस असून जमिनीवर आपटाल. म्हणून हुक कायम डोक्याच्या वर, पायाशी कधीच नाही. आणि एकदा उघडलेला अ‍ॅब्झॉर्बर परत वापरायचा नाही, फेकायचा.

तक्रारी आहेत. मांडीचं पॅडिंग पातळ आहे, दोन तास अँटेनाशी उभं राहिलं की वळ उठतात. उन्हाळ्यातल्या धुळीनंतर एका हुकचा गेट अडकायला लागला, पूर्ण बंद झाला नाही तर तो हुक असून नसल्यासारखा, त्यामुळे मी रोज चढण्याआधी दोन्ही गेट उघडझाप करून बघतो. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला, शेवटी साफ करून चाललंय. अ‍ॅब्झॉर्बरचं पाकीट चढताना पाठीवर आपटत राहतं. कमरेला दोन बाजूंना रिंगा आहेत पण दोन्ही हात मोकळे ठेवून काम करायची पोझिशनिंग रोप वेगळी घ्यावी लागते, ती घ्याच.

पावसात पट्टे भिजून जड होतात, सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका, उन्हाने पट्टा कमजोर होतो. मळला तर साध्या साबणाच्या पाण्याने. विजा असताना किंवा वर आग्या मोहोळ दिसलं तर कितीही फोन येऊ देत, चढायचं नाही.

ट्रेकवाली मंडळी लिंगाण्याला वापरतात तो बसायचा हार्नेस स्वस्तात मिळतोय म्हणून टॉवरला आणू नका, त्याला पाठीची रिंगच नसते. आणि खाली माणूस असल्याशिवाय चढू नका. पडून लटकत राहिलं की पायातलं रक्त वर यायला अडतं, त्यात बेशुद्ध असेल तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं, त्यामुळे उतरवायचं कसं हे आधीच ठरलेलं पाहिजे. माझ्या सेटमध्ये पाय ठेवायचे ट्रॉमा स्ट्रॅप नव्हते, वेगळे घेतले.

घेताना दुकानातच अंगात घालून बघा, जॅकेटवरून पण, आणि लेबलवर बनवल्याची तारीख वाचा. मला आधी दाखवलेला पीस बरीच वर्षं दुकानात पडून होता, तो मी घेतला नाही.