सांडपाण्यातले सेंद्रिय प्रदूषक: कार्बन, बायोचार, एमओएफ की टायटेनिया?

सांडपाण्यातले प्रदूषक धरणारा सच्छिद्र पदार्थ निवडायला बसलं की डोळे आधी एकाच आकड्यावर जातात: एका ग्रॅममध्ये किती चौरस मीटर पृष्ठभाग? ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे मुद्दाम सच्छिद्र केलेल्या कोळशाचा, साधारण ५०० ते १५००. काही एमओएफचा, म्हणजे धातू आणि सेंद्रिय दुवे जोडून बनलेल्या जाळीदार स्फटिकांचा, ३०००च्याही पुढे. पण हा आकडा कोरड्या पदार्थावर, नायट्रोजन वायूने मोजलेला असतो. नायट्रोजनचा रेणू जेमतेम ०.३६ नॅनोमीटरचा, मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचा रेणू सुमारे दीड नॅनोमीटर लांब. वायू जिथे सहज शिरतो तिथे रंग दारातच अडकू शकतो. म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पदार्थ प्रदूषकाने भरला की त्याचं पुढे काय करणार?

दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन हा तुलनेचा पाया. बाकी प्रत्येक पर्यायाने याच्यापेक्षा नेमकं काय जास्त दिलं, ते दाखवायला हवं. फिनॉल, बिस्फेनॉल ए यांसारखे वलयी रेणू तो चांगले धरतो. मिथेनॉल, ॲसिटोन असे लहान आणि पाण्यात सहज मिसळणारे रेणू त्याच्यातून निसटतात. पाणी साधारण १० ते ३० मिनिटं थरात राहील अशी रचना करतात. अडचण येते ती भरल्यानंतर. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तो पुन्हा वापरता येतो, पण दर खेपेला ५ ते १५ टक्के माल जातो आणि भट्टी बहुधा आपल्या आवारात नसते.

बायोचारची संमिश्रं इथे मोहात पाडतात. शेतीतला टाकाऊ भाग कमी हवेत ४०० ते ७०० अंशांवर भाजायचा आणि त्यात चिकणमाती किंवा मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोह ऑक्साइड, मिसळायचं. मातीच्या ऋणभारामुळे धनभारित रंग चांगले पकडले जातात, तर मॅग्नेटाइटमुळे बारीक भुकटी चुंबकाने बाहेर काढता येते. गाळण्याची कटकट वाचते, हा मोठाच फायदा. मात्र आम्लधर्मी पाण्यात लोह विरघळू लागतं आणि कच्चा माल बदलला की गुणही बदलतात. प्रत्येक खेप तपासायची तयारी नसेल तर हा पर्याय नको.

एमओएफबद्दल मला मनापासून कुतूहल आहे; २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल या क्षेत्राला मिळालं तेही रास्तच. पण पाण्यात टिकणं ही त्यांची खरी परीक्षा. एमओएफ-५ ओलाव्यानेच मोडतो. झिफ-८ आम्लात टिकत नाही. ऑस्लो विद्यापीठात तयार झालेला झिर्कोनियमचा यूआयओ-६६ मात्र पाण्यात चांगला तग धरतो. शिवाय बहुतेक एमओएफ भुकटीच्या रूपात मिळतात आणि भुकटी कॉलममध्ये, म्हणजे पाणी ज्यातून सोडतात त्या उभ्या नळीत, भरली तर पाणी पुढे सरकत नाही. त्यासाठी कायटोसान किंवा अल्जिनेट या नैसर्गिक बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) मण्यांत ती बसवतात. त्यात काही छिद्रं बुजतात आणि आडबंध न दिलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना न जोडलेलं, कायटोसान आम्लात विरघळतं. काढायचा तो एकच प्रदूषक कमी प्रमाणात आहे, त्याला ओळखून धरणारा एमओएफ उपलब्ध आहे, तेव्हा जरूर विचार करा. सरमिसळ सांडपाण्यासाठी मी तो सुचवणार नाही.

टायटेनियाची, म्हणजे टायटेनियम डायऑक्साइडची, गोष्ट निराळी: तो प्रदूषक साठवत नाही, तोडतो. सच्छिद्र कार्बन किंवा झिओलाइट या सच्छिद्र खनिजावर तो बसवला की आधार रेणूला जवळ ओढतो आणि प्रकाशात टायटेनिया त्याचं विघटन करतो. भरल्यावर काय, या माझ्या प्रश्नाला सर्वांत सुंदर उत्तर हेच. पण ॲनाटेज प्रकारच्या टायटेनियाला सुमारे ३८७ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात तो जेमतेम ५ टक्के. गढूळ किंवा गडद पाण्यात प्रकाशच पोचत नाही. शेवटच्या टप्प्यावर, स्वच्छ झालेल्या पाण्यासाठीच तो योग्य. रंग गेला म्हणजे प्रदूषक गेला असं मात्र समजू नका: रेणू अर्धवट तुटूनही पाणी नितळ दिसतं. एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे टीओसी, मोजून मागा.

आता विक्रेत्यांच्या आणि शोधनिबंधांच्या तक्त्यांबद्दल, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. "एका ग्रॅमला इतके मिलिग्रॅम" ही क्षमता अनेकदा डिस्टिल्ड पाण्यात, एकाच रंगाच्या दाट द्रावणात मोजलेली असते. पाण्यात प्रदूषक जितका दाट, तितका तो पदार्थावर जास्त चढतो. लिटरला १०० मिलिग्रॅम उरलेले असतानाची क्षमता, बाहेर पडणाऱ्या पाण्यात ०.१ मिलिग्रॅमच चालणार असेल तर तुमच्या कामाची नाही. खऱ्या सांडपाण्यात ह्युमिक द्रव्यंही, म्हणजे कुजलेल्या जैविक पदार्थांतून आलेले मोठे रेणूही, असतात. ती छिद्रांची तोंडं आधीच अडवतात.

प्रवाह मोठा आणि मिश्रण बदलतं असेल, तर जैविक प्रक्रियेनंतर दाणेदार कार्बन ठेवा. धनभारित रंगांचं लहान प्रमाणातलं, थांबून थांबून येणारं पाणी असेल, तर चुंबकीय बायोचार आजमावून पाहा. कोणतंही संमिश्र घेण्याआधी आपल्याच पाण्यावर, आपल्याच पीएचला कॉलम चालवा, भरलेला पदार्थ किमान पाच वेळा पुनरुज्जीवित करून, म्हणजे पुन्हा वापरण्याजोगा करून, पाहा आणि दर वेळी बाहेर आलेल्या पाण्यात संमिश्रातला धातू किती उतरला तेही मोजा.