पाणथरी (प्लीहा) मोजणारं फायब्रोस्कॅन: घ्यावं का?

फायब्रोस्कॅन म्हणजे कातडीवरून हलका धक्का देऊन, त्याची लहर आत किती वेगाने जाते यावरून अवयवाचा कडकपणा मोजणारं मशीन. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या कोळ्यांमध्ये मी शिस्टोसोमा या परजीवी कृमीचे रुग्ण तपासते. या कृमीची अंडी यकृतातल्या शिरांच्या बारीक फांद्यांत अडकतात, तंतू शिरांभोवती साचतात, पेशी मात्र बऱ्याच शाबूत राहतात. म्हणून यकृताच्या कडकपणाचा आकडा बरेचदा जवळपास नॉर्मल, आणि समोरचा माणूस रक्ताच्या उलट्या झालेला! अडलेल्या शिरांमधला दाब मागे पाणथरीवर येतो आणि ती कडक होते, म्हणून नुसत्या यकृतावर विसंबू नका. पाणथरीसाठी १०० हर्ट्‌झची सोय असलेलंच मशीन घ्या. ५० हर्ट्‌झवर कडक पाणथरी मशीनच्या कमाल आकड्याला, ७५ किलोपास्कलला (कडकपणाचं माप) टेकते, पुढचा फरक कळतच नाही. रुग्ण तीन तास उपाशी हवा. जलोदर असेल तर लहर पुढे जात नाही, तिथे सोनोग्राफीच. महाग आहे, पण सुई टोचत नाही, त्यामुळे लोक पुन्हा तपासणीला येतात. माझी शिफारस पक्की.