ऑप्टिप्लेक्स ७०६० मायक्रो: डबा भक्कम, ॲडॉप्टर नखरेल

ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०६० मायक्रो हे छोटे डेस्कटॉप कॉम्प्युटर सेकंड-हँड बाजारात सहज मिळतात. मॉडेल २०१८चं, आकार साधारण १८ बाय १८ सेंटिमीटर, जाडी साडेतीन. आत बहुधा इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर: सहा कोअर, ३५ वॉट. दुकानाचं बिलिंग, टॅली, मुलांचा अभ्यास यांना पुरून उरतं. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. तसाच दिसणारा ७०५० स्वस्तात मिळेल, पण त्यातल्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरला ती मान्यता नाही.

खरी खोड ॲडॉप्टरची. त्याच्या पिनच्या मधोमध बारीक सुई असते. तिच्यातून मशीन ॲडॉप्टरची ओळख आणि वॉट तपासतं. ओळख पटली नाही की सुरू होतानाच इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम मंद केला जातो. एफ१ दाबून पुढे गेलात तर विंडोज उघडतं, पण सगळं रेंगाळतं आणि आळ येतो बिचाऱ्या एसएसडीवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हवर. टास्क मॅनेजरमध्ये वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसला तर आधी ॲडॉप्टर बदलून बघा: १९.५ व्होल्ट, ६५ वॉट, ४.५ मिमी पिन, ओरिजिनल. नुसते व्होल्ट जुळणारा लोकल चालत नाही. सुई वाकली असली तरी लक्षण हेच.

उघडायला सोपं. मागचा एक स्क्रू हाताने फिरवायचा, झाकण सरकवायचं. रॅम मात्र ब्लोअरखाली, म्हणजे पंख्याखाली आहे. तो काढलाच आहे तर धूळ झटका आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. तारीख-वेळ मागे पडत असेल तर आतला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल संपलाय.

मागे मॉनिटरसाठी दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय सहसा नाही, तेव्हा कन्व्हर्टरचा खर्च धरा. पुष्कळ नगांत वायफाय कार्डच नसतं. नुसतं कार्ड आणून भागत नाही, अँटेनाच्या तारा आहेत का तेही बघा.

पैसे देण्याआधी मशीन सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरा. ॲडमिन पासवर्ड मागितला तर नग परत करा. सेल काढून पासवर्ड जात नाही. घेतल्यावर तिथेच 'एसी रिकव्हरी' 'पॉवर ऑन'वर ठेवा, म्हणजे वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होतं. नेटवर्कवरून चालू करायचं असेल तर 'डीप स्लीप कंट्रोल' बंद करा.